बाटलीत पाणी होतं

त्या आजींशी मी जवळजवळ तीन महिने खोटं बोलले. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी साडेदहा ते साडेअकरा. त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसून, त्यांच्या डोळ्यांत बघून, आणि हसून. हसायचंही मला शिकवलेलं होतं.

नव्वदचं दशक संपून तीन-चार वर्षं झाली होती. मानसशास्त्रात एम.ए. करून मी नाशिकमध्ये घरीच बसले होते. शाळांमध्ये समुपदेशक नेमायची पद्धत तेव्हा नव्हती आणि मला दुसरं काही येत नव्हतं. अशात एका ओळखीच्या बाईंनी सांगितलं की मुंबईचे एक डॉक्टर इथे म्हाताऱ्या माणसांवर एक चाचणी करणार आहेत, त्यांना मराठी बोलणारी आणि एम.ए. झालेली मुलगी हवी आहे. मी गेले. त्यांनी दहा मिनिटं इंग्रजीतून प्रश्न विचारले आणि नेमलं. त्यांना सगळे सर म्हणायचे, म्हणून मीही सर म्हणायला लागले.

कल्पना त्यांनी मला कागदावर मेंदूचं चित्र काढून समजावली. वय झालं की कान, नाक, डोळे मंद होतात. माणूस एका कोपऱ्यात बसून राहतो. मेंदूला बाहेरून जे रोज मिळायला हवं ते मिळत नाही आणि तोही सुस्तावतो. मग आपणच ठरवून, मोजून, त्याला आवाज, उजेड आणि वास द्यायचे. तसं केल्यानं विसरण्याचा वेग कमी होतो का, ते तपासायचं. मला ते फार पटलं होतं. खरं सांगायचं तर अजूनही पटतं. माझा राग त्या कल्पनेवर नाही.

पंचवटीच्या बाजूच्या एका कॉलनीत समाजमंदिराचा हॉल मिळाला. प्लास्टिकच्या खुर्च्या, पडदे लावून केलेले सहा कप्पे. प्रत्येक कप्प्यात एक टेबल, त्यावर टेपरेकॉर्डर, कानाला लावायचे हेडफोन, एक छोटा दिवा आणि तपकिरी काचेच्या पाच बाटल्या. हेडफोनमध्ये एका लयीत ठोके वाजायचे, त्याच लयीत दिवा लुकलुकायचा. अर्धा तास ते झालं की एकेक बाटली उघडून नाकाशी धरायची. आत कापसाचा बोळा. कापूर, लवंग, ओवा, मोगरा, खोबरेल तेल.

हे झालं अ गटाचं. तो सोमवार, बुधवार, शुक्रवारी यायचा.

ब गटाच्या टेपमध्ये काहीच नव्हतं. दिवा नुसता मंद जळत राहायचा. आणि बाटल्यांतल्या कापसावर पाणी होतं.

"ब गट नसेल तर आपल्याला कळणारच नाही की फायदा वासांनी झाला की नुसतं घराबाहेर पडून चार माणसांत बसल्यानं झाला," सर म्हणाले. हेही मला पटलं. "पण कुणी विचारलं, की वास का येत नाही, तर काय सांगायचं?" मी विचारलं.

"सांग, वास फार सौम्य आहे. नाकाला कळत नाही, मेंदूला कळतो."

मी ते वाक्य वहीत लिहून घेतलं. त्याच्याभोवती चौकटही केली. तेवीस वर्षांची होते. एवढं शिकलेला माणूस बोलतोय म्हणजे त्यात काही अर्थ असणार, असं वाटण्याचं ते वय होतं.

आजी पहिल्या मंगळवारी आल्या त्या रिक्षातून उतरून, नऊवारीचा काष्टा सावरत, हातात कापडी पिशवी. मखमलाबादकडे त्यांचा मळा होता. आयुष्यभर फुलं लावली, गुलाब, शेवंती, झेंडू, थोडा मोगरा, आणि पहाटे टोपली डोक्यावर घेऊन फुलबाजारात नेऊन विकली. नवरा लवकर गेला. मुलाला त्यांनीच वाढवलं. आता मुलगा आणि सून मळा बघत होते. गेल्या वर्षभरात आजी विसरायला लागल्या होत्या. चहात दोनदा साखर, कालच्या पाहुण्याचं नाव, गोठ्याची कडी. मुलानं कॉलनीतल्या फलकावर आमची सूचना वाचली आणि त्यांचं नाव घातलं.

अर्ज इंग्रजीत होता. त्यावर सही करायची होती. आजींनी प्रौढ साक्षरता वर्गात शिकलेली सही अक्षर अक्षर जोडत केली आणि मला विचारलं, "काय लिवलंय बाई यात?"

"मेंदूचा व्यायाम आहे आजी," मी म्हणाले. तेवढंच सांगायला सांगितलं होतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी हेडफोन काढून माझ्यापुढे धरले. "पोरी, यात काय वाजत नाय गं."

"अगदी बारीक आवाज आहे आजी. लावून ठेवा."

अर्धा तास त्या शून्य ऐकत बसल्या. मग मी पहिली बाटली उघडली. त्यांनी नाकाशी धरली, डोळे मिटले, पुन्हा हुंगली, बाटली उलटी करून बूड बघितलं.

"हे पाणी हाय."

"नाही आजी. सौम्य वास आहे. नाकाला कळत नाही, मेंदूला कळतो."

"असं असतंय होय?" त्या म्हणाल्या. संशयानं नाही, कौतुकानं. डॉक्टरांच्या गोष्टी आपल्याला कुठल्या कळायला, असा तो सूर होता. त्यांनी पाचही बाटल्या निमूट हुंगल्या. चौथ्या बाटलीवर मी तक्त्यात बघून 'मोगरा' म्हणाले तेव्हा त्या क्षणभर थांबल्या. ज्या बाईनं चाळीस वर्षं मोगरा खुडला तिच्या नाकापुढे मी पाणी धरून मोगरा म्हणत होते. याची लाज मला तेव्हा वाटली नाही, नंतर वाटली. तेव्हा मी फक्त तक्त्यात खूण केली, 'वास ओळखला नाही'.

त्या खुणा साठत गेल्या. दर पंधरा दिवसांनी आठवणीची परीक्षा असायची. दहा शब्द वाचून दाखवायचे, थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलायचं, मग आठवतील तेवढे शब्द विचारायचे. आजींना पहिल्या खेपेला सहा आठवले. पुढच्या खेपेला पाच. मग चार. सुरुवातीला त्या हसून म्हणायच्या, "ऱ्हायले बघ तुझे शब्द मळ्यात." महिन्याभरानं हसणं थांबलं. प्रश्न विचारला की आधी माझ्या तोंडाकडे बघायच्या, बरोबर आहे का ते शोधायला. एकदा म्हणाल्या, "माझं नाक गेलं, बाई. परवा सुनेनं मेथी केली, मला काय वास आल्यागत झाला, पण म्हटलं, कुठला वास, आपल्याला कुठं कळतंय आता." मी त्यावर काय बोलले असेन? "होईल हळूहळू," असंच काहीतरी.

सर महिन्यातून एकदा मुंबईहून गाडीनं यायचे. तक्ते टेबलावर पसरून त्यांनी आकडे बघितले. अ गट जिथल्या तिथे होता. ब गटातले बरेच जण खाली गेले होते. सरांनी पेनानं त्या रांगेवरून रेघ ओढली आणि म्हणाले, "ब गट चांगला घसरतोय."

चांगला. हा शब्द मी स्वतःच्या कानांनी ऐकलाय.

मी त्यांना म्हणाले, "सर, ब गटातल्या काहींचा स्वतःवरचा विश्वास उडालाय. आपण त्यांना सांगतोय की वास आहे, आणि त्यांना येत नाही. ते त्यामुळेच घाबरून मागे पडत असतील तर?"

"तू फार विचार करू नकोस," ते म्हणाले. "तक्ते स्वच्छ ठेवतेस, ते चांगलं आहे."

आणि मी तक्ते स्वच्छ ठेवत राहिले. पुढचे पंधरा दिवस. यासाठी दुसऱ्या कुणाला दोष देता येत नाही.

एका गुरुवारी आजी आल्या नाहीत. शनिवारीही नाहीत. गैरहजर माणसाच्या घरी जाऊन कारण लिहून आणायचं, असा नियम होता. मी बसनं मखमलाबादला गेले आणि विचारत विचारत मळ्यापर्यंत पोचले. दारात सून उभी होती. उजव्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी, आणि त्याच बाजूची भुवई अर्धी जळालेली.

बुधवारी दुपारी सिलिंडरची नळी शेगडीपाशी सैल झाली होती. सून शेतात होती. आजी स्वयंपाकघराच्या दाराबाहेरच शेवंतीची फुलं निवडत बसल्या होत्या. सून आली, चहा टाकायला म्हणून काडी ओढली आणि भडका उडाला. नशीब, खिडकी उघडी होती. हात भाजला, घर वाचलं.

आजी ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी जवळ बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"मला वास आला व्हता," त्या म्हणाल्या. "लय वेळ येत व्हता. दोनदा उठले, दोनदा खाली बसले. म्हटलं, या नाकाचं काय खरं हाय? तिकडं तुझ्या बाटल्या हुंगते, त्यात वास असून मला येत नाय. आता नसलेला वास यायला लागलाय. डोकंच गेलंय आपलं. सुनेला सांगितलं तर म्हणंल, म्हातारी आता भरमली. म्हणून गप बसले." मग सुनेच्या हाताकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हे माझ्यामुळं झालं."

सून दारातूनच म्हणाली, "तुमच्यामुळं काय नाय झालं आत्याबाई. नळी ढिली व्हती."

मी तिथून उठले आणि गावातल्या एसटीडी बूथवरून सरांना फोन लावला. सगळं सांगितलं. मग ते म्हणाले, "घरगुती अपघात आहे. आपल्या कामाशी त्याचा संबंध नाही. रजिस्टरमध्ये लिहू नकोस. कारण टाक, कौटुंबिक अडचण."

"सर, त्यांना वास आला होता. आपण त्यांना पटवलं की तुमचं नाक गेलंय."

"आपण असं कुठे म्हटलं? आणि हे बघ, आता त्यांना काही सांगायला जाऊ नकोस. एका माणसाला सांगितलंस तर सगळा अभ्यास वाया जाईल. सहा महिन्यांचं काम आहे."

मी फोन ठेवला. बूथवाल्याला पैसे दिले की नाही तेही आठवत नाही. 'आपण असं कुठे म्हटलं' हे बरोबरच होतं. आपण तसं म्हटलं नव्हतंच. आपण त्याहून वाईट केलं होतं. आपण हसत हसत पाणी पुढे धरत राहिलो होतो आणि उरलेलं आजींच्याच तोंडून म्हणवून घेतलं होतं.

मी पुन्हा मळ्यावर गेले. आजी तशाच बसलेल्या. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि सांगितलं. "आजी, तुमचं नाक चांगलं आहे. बाटलीत पाणी होतं. पहिल्या दिवशी तुम्ही म्हणालात तेच खरं होतं. आवाजही नव्हता. मी खोटं बोलत होते."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं त्या रडतील. किंवा मला मारतील, तर बरं होईल, असंही वाटलं. त्या म्हणाल्या, "तवा बी तू असंच माझ्याकडं बघून बोलत व्हतीस. आता खरं बोलतीस कशावरून?"

"सोमवारी या आजी," मी म्हणाले, "सोमवारच्या लोकांच्या बाटल्यांत खरे वास असतात, स्वतः हुंगून बघा."

सोमवारी सकाळी त्या हॉलवर आल्या. सोमवार अ गटाचा. मुलगा सोबत होता, तो दाराशीच थांबला. आजी सरळ पहिल्या कप्प्यात गेल्या. तिथे देवळाली कॅम्पला तोफखान्यात नोकरी केलेले एक निवृत्त हवालदार बसले होते. तोफांनी त्यांचा डावा कान कधीच घेतला होता, पण ते हेडफोन दोन्ही कानांना लावून ताठ बसायचे. आजींनी त्यांना विचारलंही नाही. टेबलावरची पहिली बाटली उचलली, झाकण काढलं आणि नाकाशी नेली.

त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. आनंद नव्हता त्यावर. एखाद्याची चोरी हातात सापडावी तसा तो झाला.

"कापूर," त्या म्हणाल्या. दुसरी उघडली. "लवंग." तिसरी. "ओवा." चौथी नाकाशी धरून त्यांनी तोंड वाकडं केलं. "ह्यो मोगरा म्हणं? मोगरा असला नसतो. अत्तर हाय, ते बी हलकं." पाचवी उघडायची त्यांना गरज वाटली नाही.

हवालदारांनी हेडफोन काढले. "क्या हुआ मॅडम?" त्यांनी मला विचारलं. आजींनीच उत्तर दिलं. कप्प्यांचे पडदे बाजूला करत त्या एकेकाला सांगत गेल्या. तुमच्यात वास हाय, आमच्यात पाणी व्हतं, आन् ही पोरगी आम्हाला सांगायची वासच हाय म्हणून. मी त्यांना थांबवलं नाही. मी भिंतीपाशी उभी राहिले. त्या पोरगी म्हणत माझ्याकडे बोट दाखवत होत्या आणि ते बोट योग्य जागीच होतं.

हवालदार सगळं ऐकून म्हणाले, "मॅडम, फौजेत आम्हाला पण डमी गोळे द्यायचे ट्रेनिंगला. पण सांगून द्यायचे, की यातले काही डमी आहेत. कुठले ते सांगायचे नाहीत. तेवढं तरी सांगायचं ना."

मी चमकून त्यांच्याकडे बघितलं. तीन महिन्यांत, एम.ए.च्या दोन वर्षांत, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. इतकं सोपं होतं ते. काहींना वास मिळेल, काहींना पाणी, कुणाला काय ते शेवटी सांगू, चालेल का? एवढं एक मराठी वाक्य. पुढे काही वर्षांनी मी कॉलेजात शिकवायला लागले तेव्हा कळलं की जगभर असं सांगूनच करतात, तोच नियम आहे, आणि सरांना तो नक्की ठाऊक असणार. इंग्रजी अर्जात तो लिहिलेलाही होता. दुसऱ्या पानावर, खालून तिसऱ्या ओळीत. मी स्वतः तो अर्ज चाळीस माणसांकडून सही करून घेतला होता आणि एकदाही पूर्ण वाचला नव्हता. म्हणजे कागदावर सगळं शुद्ध होतं. ज्या भाषेत त्या माणसांना कळलं असतं, त्या भाषेत मात्र आम्ही सांगत होतो, मेंदूचा व्यायाम आहे.

सर दोन दिवसांनी आले. हॉल भरला होता, दोन्ही गटांतले लोक, काहींची मुलं. सरांनी सगळ्यांना नमस्कार केला, विज्ञानाबद्दल थोडं बोलले, तुमच्या सहकार्यामुळे पुढच्या पिढ्यांना फायदा होणार आहे असं बोलले. आजी पहिल्या रांगेत होत्या. त्या उठल्या.

"साहेब, मला एक सांगा. मला विचारलं असतं, की आजी, तुम्हाला पाणी देणार हाय, नुसतं हुंगायचं, तर मी नाय म्हटलं असतं का? मी पाणी बी हुंगलं असतं. पुढच्या पोरांसाठी सहा महिने हुंगलं असतं. पण पाण्याला मोगरा म्हणायला का लावलं?"

सर हसले. ते हसू मला ओळखीचं होतं, मलाही तेच शिकवलं होतं. "आजी, आधी सांगितलं असतं तर प्रयोगाचा उपयोग झाला नसता."

"मंग तो प्रयोगच वाईट," आजी म्हणाल्या आणि खाली बसल्या.

त्यानंतर सर माझ्याशी पाच मिनिटं बोलले. माझ्यामुळे काम बुडालं, माझ्या नावाची ते कुठेही शिफारस करणार नाहीत, वगैरे. मी म्हणाले, "सर, सुनेचा हात भाजलाय, ते रजिस्टरमध्ये लिहिलंय मी. पेनानं. तारखेसकट." त्यांनी रजिस्टर उघडून ते पान बघितलं आणि रजिस्टर बॅगेत टाकलं. ते पान पुढे राहिलं की फाडलं गेलं, मला कळलं नाही. आठवड्याभरात टेपरेकॉर्डर, दिवे, बाटल्या सगळं खोक्यांत भरून गेलं. कुणाला काय फायदा झाला, काय नाही, हे सांगायला कुणीही परत आलं नाही. हवालदार दोन महिने मला रस्त्यात भेटले की विचारायचे, "मॅडम, रिझल्ट आला का?" मग त्यांनीही विचारणं सोडलं.

लोक म्हणतात, इतक्या वर्षांनी कसला राग. पण मला राग येतो. सरांचा येतो, ते हुशार होते आणि त्यांना सगळं माहीत होतं म्हणून. त्या चौकटीतल्या वाक्याचा येतो. म्हाताऱ्या, कमी शिकलेल्या माणसाला समजावून सांगायला वेळ लागतो, आणि तो वेळ वाचवण्याला अभ्यास म्हणतात, याचा येतो. विद्यार्थ्यांना मी आता अर्ज मोठ्यांदा मराठीतून वाचायला लावते. ते कंटाळतात, घड्याळाकडे बघतात. मी पुन्हा वाचायला लावते.

त्या सगळ्या प्रकारानंतर चार वर्षांनी मी एकदा मखमलाबादला गेले होते. आधी जायला हवं होतं, गेले नाही. मळ्याच्या अर्ध्या भागात आता बंगल्यांचे प्लॉट पडले होते. दार सुनेनंच उघडलं. हातावरचा डाग फिकट झाला होता पण होता. तिनं मला ओळखलं.

"आजींना भेटायचं होतं," मी म्हणाले.

"त्या आता कुणाला ओळखत नाय."

"दोन मिनिटं बसते नुसती."

"कशाला?" ती म्हणाली. आवाज वाढवला नाही तिनं. "बघून काय करायचंय तुम्हाला? मोजायचंय?"

आतून कुणीतरी खोकलं, आणि कुणालातरी हाक मारली, नीट ऐकू आली नाही. सुनेनं मागे वळून "आले, आले" म्हटलं. मग माझ्याकडे एकदा बघितलं आणि दार लावलं. आपटलं नाही. लावलं.

तिचं बरोबर होतं. मी थांब्यावर येऊन उभी राहिले. बस यायला अवकाश होता.